गिरणीच्या भिंतीवरची दारं

मला नावानं कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे पेंटर म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. तुमसरात असा एक बोळ नव्हता जिथे माझ्या हाताचा गणपती नव्हता. आमच्याकडे घरात लग्न निघालं की आधी दर्शनी भिंतीला चुना देतात आणि मग पेंटरला बोलावणं जातं. दाराच्या वर गणपती, दोन्ही अंगांना केळीचे खांब, खाली भाले धरलेले दोन द्वारपाल, मोर, पोपट, आणि मोठ्या अक्षरांत नवरानवरीची नावं. लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली तरी ती नावं भिंतीवर असतातच. कोणी पुसत नाही. नवा माणूस गावात आला की भिंती वाचत वाचत त्याला अर्ध्या गावाची सोयरीक कळते.

हे फुशारकी म्हणून सांगत नाही. त्या भिंतींच्या मागे ज्या खोल्या होत्या, त्यांतली एकही मला भाड्यानं मिळाली नाही, म्हणून सांगतो आहे.

मी मूळचा सिहोऱ्याकडच्या एका खेड्यातला. जात ढिवर. बाप तलावात जाळं टाकायचा, आई टोपलीत मासोळ्या घेऊन बाजाराला बसायची. शाळेच्या भिंतीवर कोळशानं चित्रं काढतो म्हणून मास्तरांचा मार खाल्ला, आणि पुढे नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली राहून त्याच खोडीचा धंदा केला. रोज एसटीनं तुमसरला यायचं, रंगाच्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि शेवटच्या गाडीनं परत. लग्नाच्या दिवसांत गाडी चुकली की एखाद्या दुकानाच्या फळीवर झोपायचं. नवं लग्न झालेलं, बायको गावात एकटी. म्हटलं, आता एक खोली पाहूच.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे मुलीचं लग्न होतं. त्याची भिंत मी तीन दिवस रंगवत होतो. त्याची म्हातारी आई ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि मला सूचना द्यायची. पोपटाची चोच वाकडी झाली म्हणाली, मी सरळ केली, तर म्हणाली, "राहू दे रे बाप्पा, पहिलीच बरी होती, बोलल्यासारखी वाटे." मी पुन्हा वाकडी केली. दोन वेळा चहा यायचा, कपबशीत. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात हात धुवायला गेलो तर एक खोली रिकामी दिसली. वेगळं दार, बाजूला विहीर. मी व्यापाऱ्याला भीतभीतच विचारलं.

"घ्या ना," तो म्हणाला. "तुमच्यासारखा माणूस शोधूनच राहिलो होतो. लग्न आटोपलं की आणा कुटुंब."

मी हवेतच गावी गेलो. पंधरा दिवसांनी बायकोला, एका पेटीला आणि एका गादीला घेऊन एसटीनं आलो. बायकोनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं, घरमालकिणीच्या पाया पडायचं म्हणून. दारात व्यापारी उभा होता. आत या म्हणाला नाही. चौकटीला हात लावून उभा राहिला आणि हसत म्हणाला, "पेंटर, एक विचाराचंच राहून गेलं. तुमी कोण लोक?"

"ढिवर," मी म्हणालो. लपवायचं काय त्यात?

त्याचं हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे बदलले. एकदा आत म्हातारीकडे पाहिलं, एकदा पेटीकडे, आणि म्हणाला, "खोली तर देऊन टाकली हो."

देऊन टाकली हो. त्याच्या खांद्यावरून मला मागचं अंगण दिसत होतं. खोलीचं दार सताड उघडं, आतली सारवलेली जमीन अजून ओली. भांडलो असतो, माझं तोंड काही गरीब नाही, पण त्या वेळी मी चौकटीकडे पाहत उभा राहिलो. बायको पेटीवर बसून होती, आणि तिच्या डोक्यावर मी काढलेला गणपती सोंड वळवून बसलेला. ही म्हातारी माझ्या आईकडून मासोळ्या घ्यायची हो! आठवड्याच्या बाजारात, निवडून निवडून, भाव पाडून पाडून.

परतीच्या गाडीत बायको सिहोऱ्यापर्यंत पेटीवर हात ठेवून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "तुमचा गणपती चालते त्याहिले. तुमी नाई चालत."

त्यानंतर मी आणखी सहा-सात दारं पाहिली. प्रत्येक दारात तोच प्रश्न, आणि उत्तर दिलं की खोली तेवढ्यात कुणाला तरी देऊन झालेली. कोणी म्हणे विहिरीला पाणी कमी, कोणी म्हणे आमचं काही नाही हो, शेजारी बोलतात. एकानं तर मला आधी भिंतीचं काम दिलं आणि मग खोली नाकारली, दोन्ही एकाच बैठकीत. मी ते कामही केलं. पोट होतं ना.

शेवटी गावाच्या कडेला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, एक झोपडं बांधून राहिलो. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, लग्नाच्या भिंती, हाताला उसंत नव्हती. सात-आठ वर्षांत त्याच जागेवर पक्कं घर उभं केलं. पुढे ओटा, दोन पायऱ्या, हिरवी चौकट. आणि चौकटीच्या वर, जिथे मी सगळ्यांच्या घरी गणपती काढायचो, तिथे मी एक मासोळी काढली. चांगली हातभर लांब, लाल पंखांची. येऊ द्या म्हटलं कोणालाही, पाहू द्या. रागानं काढली होती ती मासोळी, आणि अभिमानानंही. घराला बाजूनं एक जादा खोली होती. ती मी एका गिरणीच्या मुनीमाला भाड्यानं दिली. चांगल्या घरचा, वरच्या जातीचा माणूस माझ्या घरात भाडेकरू म्हणून राहतो, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. न विचारता सांगायचो.

माझा एक दोस्त होता, एसटीत कंडक्टर. त्यालाही तुमसरात कोणी खोली दिली नव्हती, तो डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत राहायचा आणि त्यावर सतत विनोद करायचा. "मले कायले पाहिजे खोली," म्हणायचा, "मह्या घराले चार चाकं आहेत." एकदा दिवाळीच्या थोडं आधी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला, चेहरा पडलेला.

"पेंटर, मह्या गाडीत एक बाई येते. सिहोऱ्याकडची, तुह्याच अंगाची. एका खाजगी दवाखान्यात सफाईवर आहे. ड्युटी सहाची, अना पहिली गाडी पोचते साडेसहाले. रोज बोलणे खाते. आता डॉक्टरनं सांगतलं, दिवाळीपासून महिन्याभरात गावात खोली पाय, नाई तं घरी बस. दोन वर्षं झाले बाई खोली शोधून राहिली. नवरा नाई, एक म्हातारा सासरा आहे खाटेवर. नोकरी गेली तं दोघंही गेले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कोण्या हरामखोरानं नाई म्हटलं? नावं सांग मले!"

"नावं सांगत नाई थे. म्हणते, नावं घेऊन काय करू, दारं पाठ आहेत."

दारं पाठ आहेत. मी उठून उभाच राहिलो. मलाही पाठ होती. त्या व्यापाऱ्याच्या चौकटीला डाव्या हाताला एक खिळा होता, त्याला तुटलेलं तोरण होतं, हे मला दहा वर्षांनंतरही दिसत होतं. नाही म्हणणाऱ्याचं तोंड माणूस विसरेल, दार नाही विसरत. का नाही विसरत? कारण त्या वेळी खाली मान घालून आपण त्याच्याकडेच पाहत असतो.

स्टेशनच्या रस्त्यावर एक बंद पडलेली धानाची गिरणी होती. तिची भिंत लांबच लांब, शेवाळलेली, कोणाच्या कामाची नाही. गिरणीच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, चुना तुमचा असेल तर हवं ते काढा. कंडक्टरनं दोन रविवारांत माणसं गोळा केली. ज्यांना ज्यांना दारातून परत पाठवलं होतं ते सगळे. एक शिंपी, एक शाळामास्तरीण, गिरणीतले दोन हमाल, एक बांगड्या विकणारी. सगळ्यांनी मिळून भिंत खरडली, चुना लावला. मी शिडीवर चढलो आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललो. मला भाषणाची हौस आहे, नाही म्हणत नाही.

"जो दार सांगन त्याचं दार मी काढीन. जसं आहे तसं. मह्या सख्ख्या भावाचं असलं तरी काढीन. नाव लिवाचं नाई कोणाचंच. पण दाराखाली तो माणूस जे बोलला तेच लिवाचं, अक्षर न अक्षर!"

टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्या माझ्याच कानात वाजल्या असतील.

पहिलं दार मी व्यापाऱ्याचं काढलं. खिळा, तुटकं तोरण, बाजूला वाकड्या चोचीचा पोपट. खाली लिहिलं: खोली तर देऊन टाकली हो. मग शिंप्याचं दार, मग मास्तरणीचं. लोक खाली उभे राहून सांगत होते, कडी उजवीकडे, उंबरा उंच, दाराला निळा रंग, आणि मी मान डोलवत काढत होतो. निम्मी दारं तर मला सांगावीच लागली नाहीत. मीच रंगवली होती ना त्या भिंती! दुपारपर्यंत सात दारं झाली. चुन्याचे रंग होते, गेरू, नीळ, काजळी, सरसात कालवलेले. हात भराभर चालला होता.

आणि इथं मी एक मूर्खपणा केला, जो फक्त लग्नाच्या भिंती रंगवणाराच करू शकतो. हाताच्या सवयीनं प्रत्येक दारावर मी गणपती काढला. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, खाली द्वारपाल. माझ्या ध्यानातच आलं नाही. खालच्यांच्याही नाही आलं, ते आपापल्या दारात अडकले होते.

सोमवारी सकाळी गावाला वाटलं, लग्न आहे.

सात गणपती, सात दारं, म्हणजे सामुदायिक लग्नच असणार! बँडवाला आला, वाजंत्री ठरले काय म्हणून विचारायला. त्याच्या मागे आचारी आला. बायका घोळक्यानं आल्या, नवरी कोणाची, नवरी कोणाची करत. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीत लपून बसलो होतो, दगड येतील म्हणून जीव मुठीत धरून. दगड कुठले, लोक हसत हसत भिंतीपाशी गेले आणि खालची अक्षरं वाचायला लागले. हळूहळू हसणं थांबलं. मग कुजबुज. मग एकजण ओरडला, "अबे, हे तं त्या सावकाराचं दार आहे! पाय, पाय, कडी पाय!" आणि पुन्हा हसू फुटलं, पण वेगळं.

मी हबकलो ते पुढे. शिंप्याला नाकारणारा माणूस भिंतीपाशी आला, मास्तरणीच्या दारापुढे उभा राहून पोट धरून हसला, "बरं झालं लेकाचं," म्हणाला, आणि स्वतःच्या दारावरून नजर फिरवत पुढे गेला. निळं दार, उजवी कडी, उंच उंबरा, रोज त्यातूनच तो ये-जा करायचा. ओळखलंच नाही! हमालांना नाकारणाऱ्यानं शिंप्याचं दार ओळखलं, शिंप्याला नाकारणाऱ्यानं हमालांचं. प्रत्येकाला दुसऱ्याचं दिसत होतं. असा दिवसभर गाव येऊन गेला, आणि कोणालाही स्वतःचं दार सापडलं नाही. कंडक्टर कपाळावर हात मारून म्हणाला, "पेंटर, आपण आरसा काढला म्हणत होतो, हे तं सगळे एकमेकाचे फोटो पाहून राहिले."

फक्त व्यापाऱ्याची म्हातारी. ती आता पार वाकली होती, सुनेचा हात धरून आली. पोपटासमोर थांबली. बराच वेळ थांबली. सून म्हणाली, चला. म्हातारीनं पोपटाच्या चोचीवर बोट ठेवलं, चुना बोटाला लागला, तो तिनं पदराला पुसला आणि मान न वळवता निघून गेली. मला त्या वेळी फार बरं वाटलं. एकीला तरी समजलं, म्हटलं. मी टपरीत सगळ्यांना माझ्या खर्चानं चहा पाजला.

पुढच्या रविवारी कंडक्टर त्या बाईला घेऊन आला. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते, तिची मुदत निम्मी संपली होती. आमची पहिलीच भेट, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. पस्तिशीची, सुकलेली, पायात रबरी चपला, हातात जेवणाचा डबा. दवाखान्यातून सरळ आली होती. भिंतीवर तोवर अकरा दारं झाली होती. ती एकेक दार पाहत चालत गेली. दोनतीन दारांपाशी थांबून म्हणाली, "इथंही गेलती मी." लोक चुकचुकले.

"बाई," मी शिडीवरून म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं, "जे दार मनाले सगळ्यात जास्त लागलं थे सांगा. आज तुमचंच काढतो."

तिनं माझ्याकडे वर पाहिलं. मग भिंतीकडे.

"दोन पायऱ्या," ती म्हणाली.

मी दोन पायऱ्या काढल्या.

"समोर ओटा. नवीनच होता, ओला."

ओटा काढला.

"चौकट हिरवी."

मी हिरव्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला. तुमसरात हिरव्या चौकटी काय कमी होत्या? पण हात थोडा हळू झाला. चौकट ओढून झाली, मी वर गणपतीची सोंड काढायला सुरुवात केली, सवयीनं.

"गणपती नवता तिथं," ती म्हणाली. "मासोळी होती. तुमी काढूनच राह्यले होते."

खाली चाळीसेक माणसं होती. ब्रशातला रंग माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तो मला जाणवत होता, पण हात खाली येईना. मी शिडीवर भिंतीकडे तोंड करून उभा. बाप रे बाप! मी? माझं दार?

"खोटं आहे," मी म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं. मग आठवलं. सगळं नाही, थोडंच. घर पूर्ण होऊन आठवडा झाला होता, मी शिडीवर होतो, मासोळीचा पंख जमत नव्हता, लाल रंग उतरत होता. मागून कोणी तरी बाई विचारत होती, खोली द्यायची आहे काय म्हणून. मी पंखावरून नजर हलवली नाही. मी विचारलं होतं. देवाशपथ, मीच विचारलं होतं.

"काय बोललो मी?" मी विचारलं.

"तुमी म्हणले, कोण लोक? म्या म्हटलं, दवाखान्यात सफाईवर आहो. तुमी म्हणले, खोली देऊन टाकली, बाई." ती जराही चिडलेली नव्हती. दवाखान्यात डॉक्टरला सांगावं तसं सांगत होती. "वळून नाई पाह्यलं तुमी. म्हणून तुमाले मी याद नाई."

मुनीम त्यानंतर पंधरा दिवसांनी आला होता. पंधरा दिवस ती खोली रिकामी होती. मी तिला दिली नाही, कारण मला मुनीमासारखा माणूस पाहिजे होता. वरचा. माझ्या हिरव्या चौकटीतून वाकून आत जाणारा. सात-आठ वर्षं ज्या शब्दांना मी शिव्या घातल्या ते शब्द माझ्या तोंडातून असे सहज निघाले की मला त्यांची चवही कळली नाही, आणि मागे लक्षातही राहिले नाहीत. मग त्या व्यापाऱ्याला तरी मी कुठे लक्षात असेन?

कंडक्टर खालून हळूच म्हणाला, "पेंटर, उतर. राहू दे आज."

उतरलो असतो तर लोकांनी समजून घेतलं असतं. आपलाच माणूस आहे म्हणाले असते. पण ती बाई खाली डबा धरून उभी होती आणि तिच्या गाडीची वेळ होत होती. मी उतरलो, पण घरी जाण्यासाठी नाही. पिशवीतून ऑइलपेंटचा डबा काढला. तो मी दुकानांच्या पाट्यांसाठी राखून ठेवायचो. बाकी सगळी दारं चुन्याच्या रंगात होती, दोन पावसाळ्यांत धुपली असती. माझं दार मी ऑइलपेंटनं काढलं. दोन पायऱ्या, ओटा, हिरवी चौकट, लाल पंखांची मासोळी. पंख या वेळी पहिल्याच हाताला जमला. खाली लिहिलं, खोली देऊन टाकली, बाई. "खोली"ची वेलांटी वाकडी गेली. ती मी सरळ केली नाही.

घरी गेलो तर बायको दारात उभी. बातमी माझ्या आधी पोचली होती. मी ओट्यावर बसलो आणि रडलो, चांगला हुंदके देऊन. ती म्हणाली, "मले माहीत होतं. मी आतून ऐकलं होतं तवा."

"मंग बोलली काहून नाई?"

"मलेबी मुनीमच पाहिजे होता," ती म्हणाली. आणि तिनं हातातला तांब्या इतक्या जोरात खाली ठेवला की पाणी माझ्या पायांवर उडालं. पेटीवर लग्नातलं लुगडं नेसून बसलेली हीच बाई. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो, चोरी करताना पकडलेल्यांसारखे.

मुनीम राहत होता त्या खोलीतून त्याला काढणं म्हणजे पुन्हा कोणाला तरी दारातून हाकलणं. माझी रंगाची खोली होती, अंगणाच्या बाजूची, वेगळ्या दाराची. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ती रिकामी केली. डबे, पडद्यांच्या गुंडाळ्या, लाकडी चौकटी, सगळं ओट्यावर आणून रचलं. बायकोनं जमीन सारवली. सारवताना एकदा थांबून म्हणाली, "ओली आहे आज. ओली असतानाच देऊन या किल्ली." मला ती दुसरी ओली जमीन आठवत होती, तिलाही तीच आठवत असणार.

दवाखान्याच्या फाटकापाशी मी उभा राहिलो. ती बाहेर आली, मला पाहून थांबली. मी किल्ली पुढे केली. काय बोलायचं ते मी रस्ताभर जुळवलं होतं, फार छान जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"रिकामी आहे," मी म्हणालो. "तुमच्या सासऱ्याची खाट मावन."

तिनं किल्ली लगेच घेतली नाही. "भाडं घ्यान ना? उपकार नको मले."

"घेईन."

"मंग घेते. मले गरज आहे, म्हणून घेते." तिनं हात पुढे केला आणि मधेच थांबवला. "एक सांगा, पेंटरभाऊ. त्या दिवशी तुमी वळून पाह्यलं असतं, तं देल्ली असती काय खोली?"

फाटकाच्या लोखंडावर रंगाचे पोपडे आले होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो, आणि मग मला कळलं की मी पुन्हा दाराकडेच पाहतो आहे. मी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं.

"नाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जसं काही हेच उत्तर तिला माहीत होतं आणि तेवढंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं. किल्ली पदराच्या गाठीला बांधली आणि सासऱ्याला आणायला एसटीच्या रस्त्यानं निघाली.